केकॉन्फिग: ड्रायव्हरसाठी ‘डिपेंड्स ऑन’ कधी आणि ‘सिलेक्ट’ कधी?

पाणवठा

मंडळी, लिनक्स कर्नलच्या आयआयओ (सेन्सरांच्या) उपप्रणालीत हवेचा दाब मोजणाऱ्या एका चिपचा ड्रायव्हर द्यायचा आहे. चिप आयटूसी या बसवरही (चिप जोडायच्या तारांवर) चालते आणि एसपीआय या बसवरही. रिसेटची पिन काही बोर्डांवर आहे, काहींवर नाही. चिपचं स्वतःचं तापमान हार्डवेअर मॉनिटरमध्ये (एचडब्ल्यूमॉन) दाखवायचं आहे, पण ते नसलं तरी चालेल. सी कोड झाला आहे, अडलंय ते केकॉन्फिगच्या, म्हणजे कर्नलमध्ये काय बिल्ड करायचं ते ठरवणाऱ्या व्यवस्थेतल्या, नोंदीवर. सध्याची नोंद अशी (नावं इथे देवनागरीत लिहितो, फाइलमध्ये ती अर्थातच रोमन मोठ्या अक्षरांत आहेत):

कॉन्फिग हवादाब
&nbsp;&nbsp;ट्रायस्टेट "हवादाब दाबमापक"
&nbsp;&nbsp;डिपेंड्स ऑन ओएफ
&nbsp;&nbsp;सिलेक्ट आयटूसी
&nbsp;&nbsp;सिलेक्ट एसपीआय
&nbsp;&nbsp;सिलेक्ट जीपीआयओलिब
&nbsp;&nbsp;सिलेक्ट एचडब्ल्यूमॉन
&nbsp;&nbsp;सिलेक्ट रेगमॅप_आयटूसी
&nbsp;&nbsp;सिलेक्ट रेगमॅप_एसपीआय
&nbsp;&nbsp;डिफॉल्ट वाय

हेतू सरळ आहे. वापरणाऱ्याने एक खूण केली की लागणारं सगळं आपोआप चालू व्हावं. यात चुकतंय काय?

सह्यकडा

दोन रेगमॅपच्या ओळी सोडल्या तर जवळपास प्रत्येक ओळ बदलावी लागेल. आणि त्या दोन ओळीही आहेत त्या जागी नकोत.

आधी मूळ गोष्ट. प्रत्येक चिन्हाची किंमत वाय (कर्नलच्या आत), एम (वेगळं मॉड्यूल) किंवा एन (बंद) असते. ट्रायस्टेट चिन्हाला तिन्ही चालतात, बूलला फक्त वाय आणि एन. ‘डिपेंड्स ऑन’ वरची मर्यादा घालतं: ज्यावर अवलंबून आहे त्याची किंमत जेवढी, त्यापेक्षा ड्रायव्हरची किंमत जास्त होऊ शकत नाही. ‘सिलेक्ट’ खालची मर्यादा घालतं: मी चालू असेन तर समोरचं निदान तेवढं चालू झालंच पाहिजे. आणि इथेच घोडं पेंड खातं. सिलेक्ट करताना समोरच्या चिन्हाच्या स्वतःच्या डिपेंडन्सी पाहिल्याच जात नाहीत. मेक चालवताना ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ अशी सूचना येते, पण बिल्ड पुढे जातो आणि मग कंपाइल किंवा लिंक करताना फुटतो.

रेगमॅप_आयटूसी हे चिन्ह (चिपची रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याच्या ग्रंथालयाची आयटूसीची बाजू) स्वतः आयटूसीवर अवलंबून आहे. कुणी ‘सिलेक्ट रेगमॅप_आयटूसी’ लिहिलं आणि ‘डिपेंड्स ऑन आयटूसी’ लिहायचं विसरलं, तर आयटूसी=एम असताना रेगमॅप_आयटूसी=वाय होऊन बसतं. कर्नलच्या मुख्य प्रतिमेतला कोड मॉड्यूलमधलं आयटूसी_ट्रान्सफर शोधतो आणि लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून थांबतो. कर्नलच्या याद्यांवर ही तक्रार वर्षानुवर्षं येते आहे.

कर्नलच्या केकॉन्फिग दस्तऐवजातला नियम पाठ करण्यासारखा आहे: सिलेक्ट शक्यतो अशाच चिन्हांना करा ज्यांना मेन्यूत प्रॉम्प्ट नाही आणि ज्यांना स्वतःची डिपेंडन्सी नाही. म्हणजे मदतनीस ग्रंथालयं, सीआरसी३२ सारखी. आयटूसी, एसपीआय, जीपीआयओ या उपप्रणाली आहेत. त्या चालू करायच्या की नाही हे वापरणारा ठरवणार, तुमचा सेन्सर नाही.

खडीसाखर

सह्यकडा, नियम मान्य, पण दुसरी बाजूही पाहा. डिपेंड्स ऑन लिहिलं आणि वापरणाऱ्याकडे आयटूसी बंद असलं की मेन्यूत हवादाब दिसतच नाही. तो शोधत बसतो आणि शेवटी ‘या कर्नलमध्ये ड्रायव्हर नाही’ असं समजून निघून जातो. पाणवठा यांचा हेतू काही चुकीचा नाही.

उंबरठा

त्यावर उपाय मेन्यूकॉन्फिगमध्येच आहे. तिरपी रेघ दाबून नाव शोधा. चिन्ह लपलेलं असलं तरी सापडतं आणि त्याखाली ‘डिपेंड्स ऑन’ची पूर्ण ओळ, प्रत्येक चिन्हाच्या आत्ताच्या किमतीसकट येते. कुणी सिलेक्ट केलं आहे तेही ‘सिलेक्टेड बाय’मध्ये वाय, एम, एन असं वेगवेगळं दिसतं. झेड दाबलं की लपलेल्या नोंदीही यादीत येतात.

सिलेक्टचा त्रास नेमका उलट दिशेने होतो. एखादी नोंद आडव्या रेघांमध्ये अडकलेली दिसते, म्हणजे -*- अशी, आणि ती बंदच होत नाही. कुठल्या ड्रायव्हरने ती धरून ठेवली आहे ते शोधायला ‘सिलेक्टेड बाय’ची साखळी तीन-चार पायऱ्या मागे चालावी लागते. न दिसणारी नोंद शोधता येते. बंद न होणारी नोंद मात्र लहान कर्नल बनवणाऱ्याचा दिवस खाते.

मोरपीस

खडीसाखर यांच्या मुद्द्याचं एक मोठं उदाहरण मूळ कर्नलमध्येच आहे: इंटेलचा आय९१५ ग्राफिक्स ड्रायव्हर. त्याला एसीपीआय (पीसीच्या फर्मवेअरने हार्डवेअरची माहिती देण्याची पद्धत) असताना एसीपीआय_व्हिडिओ लागतं, आणि ते सिलेक्टने घेतलं आहे. पण सिलेक्ट डिपेंडन्सी पाहत नाही, म्हणून एसीपीआय_व्हिडिओला जे जे लागतं, म्हणजे बॅकलाइट_क्लास_डिव्हाइस, इनपुट वगैरे, तेही आय९१५ला स्वतःच्याच नोंदीत सिलेक्ट करावं लागतं. उद्या एसीपीआय_व्हिडिओला नवी गरज लागली की आय९१५ची नोंदही बदलायची. लिहिणाऱ्यांनी तिथे टिप्पणीतच आपली नाराजी नोंदवून ठेवली आहे.

चकवा

आणि चक्राचं काय? कर्नलच्या झाडात एकाच चिन्हाला काही जण सिलेक्ट करतात, काही जण त्यावर डिपेंड करतात, असं झालं की ‘रिकर्सिव्ह डिपेंडन्सी डिटेक्टेड’ कधी ना कधी येतंच. उदाहरण: तुमचा ड्रायव्हर आयटूसीवर डिपेंड करतो आणि एक ग्रंथालय सिलेक्ट करतो. ते ग्रंथालय आयटूसी सिलेक्ट करतं. आता आयटूसीची किंमत ग्रंथालयावर, ग्रंथालयाची ड्रायव्हरवर आणि ड्रायव्हरची पुन्हा आयटूसीवर. झालं वर्तुळ.

म्हणून ओळ लिहिण्याआधी गिट ग्रेप करा. ‘सिलेक्ट अमुक’ किती ठिकाणी आणि ‘डिपेंड्स ऑन अमुक’ किती ठिकाणी हे मोजा, आणि जे बहुसंख्य असेल तेच वापरा. नियमापेक्षा त्या उपप्रणालीचा रिवाज मोठा. आयआयओमध्येच बघा: आयआयओ_बफर आणि आयआयओ_ट्रिगर्ड_बफर यांना मेन्यूत प्रॉम्प्ट आहे, तरी ड्रायव्हर ती सिलेक्टच करतात. तिथे तुम्ही एकट्यानेच डिपेंड्स ऑन लिहिलंत तर मेंटेनर परत पाठवणार.

पाणवठा

समजतंय. म्हणजे ‘डिपेंड्स ऑन आयटूसी’ आणि ‘डिपेंड्स ऑन एसपीआय’ अशा दोन ओळी?

सह्यकडा

नाही. दोन ओळी म्हणजे ‘आणि’. मग ज्या बोर्डावर फक्त आयटूसी आहे तिथेही एसपीआय चालू करावं लागेल. तुम्हाला ‘किंवा’ हवं. फक्त एक ‘किंवा’ लिहूनही भागत नाही, कारण आयटूसी ट्रायस्टेट आहे आणि एसपीआय बूल.

तीन किमतींचं गणित असं: एन म्हणजे ०, एम म्हणजे १, वाय म्हणजे २. ‘आणि’ म्हणजे दोघांतलं लहान, ‘किंवा’ म्हणजे दोघांतलं मोठं, ‘नाही’ म्हणजे २ वजा किंमत. आता आयटूसी=एम आणि एसपीआय_मास्टर (एसपीआय चालू केलं की आपोआप चालू होणारं चिन्ह)=वाय असेल तर ‘आयटूसी किंवा एसपीआय_मास्टर’ची किंमत वाय. म्हणजे हवादाब=वाय होऊ शकतो. सगळा कोड एकाच ऑब्जेक्टमध्ये असेल तर त्यातला आयटूसीचा भाग मॉड्यूलमधल्या फंक्शनला हाक मारणार. लिंक फुटलं.

म्हणून कोडचे तीन तुकडे करा: गाभा, आयटूसीची बाजू, एसपीआयची बाजू. झाडातला बीएमपी२८० हा बॉशच्या दाबमापकांचा ड्रायव्हर उघडून बघा, हुबेहूब तुमचंच प्रकरण आहे. मुख्य नोंद ‘आयटूसी || एसपीआय_मास्टर’वर अवलंबून, आणि तिच्यात ‘सिलेक्ट बीएमपी२८०_आयटूसी इफ आयटूसी’ व ‘सिलेक्ट बीएमपी२८०_एसपीआय इफ एसपीआय_मास्टर’. सौंदर्य त्या ‘इफ’मध्ये आहे. मुख्य नोंद वाय आणि आयटूसी एम असेल तर सिलेक्टचा जोर दोघांतल्या लहानाएवढा, म्हणजे एम. गाभा कर्नलच्या आत, आयटूसीची बाजू मॉड्यूल, लिंक नीट. रेगमॅप_आयटूसी सिलेक्ट करणारी ओळ आयटूसीच्या बाजूच्या नोंदीत, जिथे ‘डिपेंड्स ऑन आयटूसी’ आहे तिथेच.

फावडं

एडीएक्सएल३४५ या त्वरणमापकात उलटी रचना आहे, तीही चालते. तिथे आयटूसी आणि एसपीआय या दोन नोंदी मेन्यूत दिसतात आणि दोघीही लपलेला गाभा सिलेक्ट करतात. गाभ्याला प्रॉम्प्ट नाही, म्हणून सिलेक्ट निर्धोक. एक बाजू एम, दुसरी वाय असली तर गाभा आपोआप वाय होतो. वापरणाऱ्याला फक्त एकच बाजू हवी असेल तर ही रचना बरी. मेन्यूत एकच ओळ हवी असेल तर बीएमपी२८०ची.

ध्रुवतारा

झेफर (छोट्या उपकरणांची ऑपरेटिंग सिस्टिम) वापरणाऱ्यांनी हा धागा वाचला तर गोंधळतील, म्हणून मध्येच सांगतो. झेफरमध्येही केकॉन्फिगच आहे, पण तिथे सेन्सर ड्रायव्हर ‘डिफॉल्ट वाय’ असतात, डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) ती चिप सक्षम आहे का यावर डिपेंड करतात, आणि चिप आयटूसीच्या बसवर असेल तर थेट आयटूसी सिलेक्ट करतात. लिनक्समध्ये हेच नको म्हणतात.

दोन्ही बरोबर आहेत, कारण परिस्थिती वेगळी. झेफरचा बिल्ड एका ठरलेल्या बोर्डासाठी असतो. बोर्डावर काय आहे हे बिल्ड करतानाच माहीत असतं आणि एमची भानगड नाही. लिनक्सची एकच प्रतिमा शेकडो बोर्डांवर चालते आणि हार्डवेअर चालू झाल्यावर कळतं. त्यामुळे लिनक्सच्या केकॉन्फिगमध्ये प्रश्न विचारायचा तो एवढाच: हा कोड कंपाइल आणि लिंक व्हायला काय लागतं? तो चालायला काय लागतं हा प्रश्न डेफकॉन्फिगचा (तयार ठेवलेल्या मांडणीचा) आणि वितरण बनवणाऱ्यांचा.

खडीसाखर

हे फार नेमकं सांगितलंत. मग माझा आक्षेप डेफकॉन्फिगकडे वळवतो. एखाद्या एसओसीवर (प्रोसेसर आणि इतर भाग एकत्र असलेल्या चिपवर) आयटूसी कंट्रोलरचा घड्याळ-ड्रायव्हर नसेल तर सेन्सर चालणार नाही, हे कळतं. पण ती साखळी सेन्सरच्या नोंदीत लिहायची नाही?

ध्रुवतारा

अजिबात नाही. घड्याळ-ड्रायव्हर उशिरा आला तर कंट्रोलरचा प्रोब (ड्रायव्हर हार्डवेअरला जोडला जाण्याची पायरी) ‘ईप्रोब_डिफर’ परत देतो आणि पुन्हा प्रयत्न होतो. मॉड्यूल क्रमाने चढावेत असं वाटत असेल तर मॉड्यूल_सॉफ्टडेप आहे. केकॉन्फिगचं ते कामच नाही.

उंबरठा

आता जीपीआयओलिबची, म्हणजे पिना हाताळणाऱ्या ग्रंथालयाची, ओळ. ती काढून टाका, बदली काही लिहू नका.

ग्राहक बाजूच्या बऱ्याच एपीआयना हेडरमध्ये रिकामी बदली फंक्शनं आहेत. जीपीआयओलिब बंद असताना डेव्हएम_जीपीआयओडी_गेट_ऑप्शनल सरळ नल परत देतं. रिसेट पिन ऐच्छिक असल्याने तुमचा कोड तसाच चालतो. रेग्युलेटर बंद असताना डेव्हएम_रेग्युलेटर_गेट_एनेबल शून्य परत देतं, तेही चालतं. ‘ऑप्शनल’ नसलेलं जीपीआयओडी_गेट मात्र उणे ईनोसिस देतं. म्हणजे कोड कंपाइल होईल पण प्रोब कायम अपयशी. पिन अनिवार्य असेल तर ‘डिपेंड्स ऑन जीपीआयओलिब || कंपाइल_टेस्ट’ लिहायला अर्थ आहे.

बदली फंक्शनांवर डोळे मिटून विसंबू नका. घड्याळाची एपीआय नसेल तर सीएलके_गेट_रेट शून्य देतं. त्या शून्याने भागाकार केला की काम संपलं. आणि हे फक्त ग्राहकांसाठी. तुम्ही स्वतः घड्याळ पुरवत असाल, म्हणजे सीएलके_एचडब्ल्यू_रजिस्टर वापरत असाल, तर त्याला बदली नाही. तिथे कॉमन_सीएलकेवर डिपेंड केलंच पाहिजे.

मोरपीस

‘डिपेंड्स ऑन ओएफ’ही (ओएफ म्हणजे डिव्हाइस ट्रीचा आधार) उडवा. ओएफ_मॅच_टेबल असलं म्हणून ओएफ लागत नाही, ते टेबल ओएफ बंद असतानाही कंपाइल होतं. ओएफ_प्रॉपर्टी_रीड ऐवजी डिव्हाइस_प्रॉपर्टी_रीड कुटुंबातली फंक्शनं वापरा, मग तोच ड्रायव्हर डिव्हाइस ट्री आणि एसीपीआय दोन्हीवर चालतो. एसीपीआयच्या पीआरपी०००१ या ओळखीने तर डिव्हाइस ट्रीचंच कंपॅटिबल नाव एक्स८६वर जुळवता येतं. ओएफवर अडकवलंत की तो रस्ता बंद.

जोडीला ओएफ_मॅच_पीटीआरही काढा. ओएफ बंद असताना ते नल होतं, टेबल न वापरलेलं राहतं आणि डब्ल्यू=१ लावून बिल्ड केला की न वापरलेल्या स्थिरांकाची सूचना येते.

चकवा

राहिला एचडब्ल्यूमॉन. हा खरा अवघड. ‘असेल तर वापरीन, नसेल तर चालेल’ या प्रकाराला हौशी मंडळी काहीच लिहीत नाहीत आणि सी कोडमध्ये इज_एनेबल्ड टाकतात. हवादाब=वाय, एचडब्ल्यूमॉन=एम झालं की इज_एनेबल्ड खरं ठरतं, कारण एमही ‘चालू’च, आणि लिंक फुटतं.

याची ओळ विचित्र दिसते, पण गणित करून पाहा:

डिपेंड्स ऑन एचडब्ल्यूमॉन || !एचडब्ल्यूमॉन

पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं हे नेहमीच खरं, मग लिहायचं कशाला? दोन किमतींच्या तर्कात खरंच निरर्थक आहे. तीन किमतींत नाही. एचडब्ल्यूमॉन=वाय: मोठं(२,०)=२. एन: मोठं(०,२)=२. एम: मोठं(१,१)=१. म्हणजे एचडब्ल्यूमॉन बंद किंवा आत असेल तर ड्रायव्हर मोकळा, मॉड्यूल असेल तर ड्रायव्हरही जास्तीत जास्त मॉड्यूल. नेमकं हेच हवं होतं. एडीएस७८४६ या टचस्क्रीन ड्रायव्हरच्या नोंदीत ‘एचडब्ल्यूमॉन = एन || एचडब्ल्यूमॉन’ असं आहे, अर्थ तोच. नेटवर्क ड्रायव्हरांत पीटीपी (नेटवर्कवर वेळ जुळवणाऱ्या) घड्याळासाठी हेच इतक्या वेळा लागलं की २०२१ मध्ये पीटीपी_१५८८_क्लॉक_ऑप्शनल नावाचं लपलेलं चिन्हच केलं. आता ते ड्रायव्हर त्यावर डिपेंड करतात आणि ती कोड्यासारखी ओळ एकाच ठिकाणी राहते.

फावडं

इज_रीचेबल वापरलं तर केकॉन्फिगमध्ये काहीच लिहावं लागत नाही. समोरचं आत असेल, किंवा दोघंही मॉड्यूल असतील तरच ते खरं होतं. लिंक कधीच फुटत नाही.

चकवा

लिंक फुटत नाही, पण सोय गुपचूप गायब होते. वापरणाऱ्याने एचडब्ल्यूमॉन=एम आणि हवादाब=वाय ठेवलं, मेन्यूत दोन्ही चालू, आणि तापमान कुठेच नाही. ना चूक, ना सूचना. त्यापेक्षा केकॉन्फिगने आधीच अडवलेलं परवडलं. इज_रीचेबल शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

खडीसाखर

आणि इम्प्लाय? ते याचसाठी आणलं ना?

सह्यकडा

४.१० मध्ये आलं, तेही पीटीपीच्याच निमित्ताने. इम्प्लाय म्हणजे सौम्य सिलेक्ट: समोरचं सुरुवातीला चालू करतं, पण त्याच्या डिपेंडन्सी पाळतं आणि वापरणाऱ्याला बंद करू देतं. पूर्वी वायने इम्प्लाय केलेलं एम होऊ शकत नसे. २०२० मध्ये ते बदललं, आता होऊ शकतं. त्यामुळे इम्प्लायने लिंकची हमी मिळत नाही. ती फक्त शिफारस आहे. ‘एचडब्ल्यूमॉन || !एचडब्ल्यूमॉन’च्या जागी ते टाकता येत नाही.

मोरपीस

कुणी तापमानासाठी वेगळा बूल पर्याय करायला जाईल, त्यांच्यासाठी दोन सापळे.

पहिला: बूल चिन्ह ट्रायस्टेटवर डिपेंड करतं तेव्हा एमही त्याला पुरतो, आणि ते स्वतः वाय होतं. मग हवादाब=वाय, एचडब्ल्यूमॉन=एम, हवादाब_तापमान=वाय आणि लिंक फुटलं. ब्रॉडकॉमच्या टायगॉन३ नेटवर्क ड्रायव्हरात म्हणूनच ‘टायगॉन३ && एचडब्ल्यूमॉन && !(टायगॉन३=वाय && एचडब्ल्यूमॉन=एम)’ अशी लांब ओळ आहे. इंटेलच्या आयजीबीमध्येही तसंच.

दुसरा सापळा कमी माहीत आहे. मुख्य ड्रायव्हरवर थेट डिपेंड न करणाऱ्या बूल चिन्हाने ट्रायस्टेट ग्रंथालय सिलेक्ट केलं तर ते वाय होतं, मुख्य ड्रायव्हर एम असला तरी. मॉड्यूलसाठी मागितलेलं ग्रंथालय कर्नलच्या प्रतिमेत शिरतं. उपाय असा: सिलेक्टची ओळ बूलमधून उचलून मुख्य ट्रायस्टेट नोंदीत ‘सिलेक्ट ग्रंथालय इफ हवादाब_तापमान’ अशी ठेवा.

ध्रुवतारा

‘डिफॉल्ट वाय’बद्दल कुणीच बोललं नाही. काढा. नव्या हार्डवेअर ड्रायव्हरला डिफॉल्ट नसतोच. ‘डिफॉल्ट एन’ लिहायचीही गरज नाही, काही न लिहिणं म्हणजे एनच. दस्तऐवजात वायला परवानगी मोजक्या वेळी आहे: जे आधी नेहमीच बिल्ड होत होतं त्याला आता पर्याय केला तर, स्वतः कोड न आणता फक्त दार उघडणाऱ्या नोंदीला (नेट_व्हेंडर_इंटेल वगैरे), एखाद्या ड्रायव्हरच्या आतल्या उपपर्यायाला, किंवा नेट, ब्लॉक यांसारखं सगळ्यांनाच अपेक्षित असेल ते. दाबमापक यात कुठेच बसत नाही.

एका एसओसीच्या आतल्या भागाचा ड्रायव्हर असेल तर ‘डिपेंड्स ऑन आर्च_अमुक || कंपाइल_टेस्ट’ लिहितात. कंपाइल_टेस्ट २०१३ मध्ये ३.११ ला आलं ते याचसाठी: हार्डवेअर नसलेल्या आर्किटेक्चरवरही कोड निदान कंपाइल होऊन तपासला जावा. पाणवठा यांची चिप बाहेरची आहे, कुठल्याही बोर्डाला जोडता येते, म्हणून त्यांना आर्चही नको आणि कंपाइल_टेस्टही नको.

उंबरठा

कंपाइल_टेस्ट लावताना काय फुटतं ते सांगून ठेवतो, पुढे कुणाच्या कामी येईल. ३२ बिटांवर ६४ बिटांचा भागाकार: लिंकर यूडीव्हीडीआय३ किंवा एआरएमवर यूएलडीव्हमॉड मागतो. डिव्ह_यू६४ किंवा डू_डिव्ह वापरा. रीडक्यू आणि राइटक्यू ३२ बिटांवर नाहीत, त्यासाठी आयओ-६४-नॉनअॅटॉमिक हेडर घ्यावं लागतं. आयओरिमॅप वापरणाऱ्या ड्रायव्हरला हॅज_आयओमेम लागतं. एस३९०वर पीसीआय बंद असताना ते नसतं. कंपाइल_टेस्ट आता स्वतःच हॅज_आयओमेमवर अवलंबून आहे, पण ज्या नोंदीत आर्चची ओळच नाही तिथे ते स्वतः लिहावं लागतं.

फावडं

जरा बाजूला: अँड्रॉइडच्या जीकेआय (जेनेरिक कर्नल इमेज) कर्नलमध्ये लपलेल्या चिन्हांचा उलटा त्रास होतो. गाभा एकाकडून येतो, विक्रेत्याची मॉड्यूलं नंतर वेगळी बनतात. लपलेलं ग्रंथालय कुणी सिलेक्टच केलं नाही तर ते गाभ्यात येत नाही, आणि मेन्यूतून चालू करायला प्रॉम्प्टही नाही. म्हणून त्या झाडात केकॉन्फिग.जीकेआय नावाची फाइल आहे आणि तीत ‘जीकेआय_हिडन’ नावाची चिन्हं केवळ सिलेक्ट करण्यासाठी ठेवली आहेत. ग्रंथालयाला प्रॉम्प्ट द्यायचा की नाही, याची ही दुसरी बाजू.

पाणवठा

सगळ्यांचे आभार. सुधारलेली नोंद:

कॉन्फिग हवादाब
&nbsp;&nbsp;ट्रायस्टेट "हवादाब दाबमापक"
&nbsp;&nbsp;डिपेंड्स ऑन आयटूसी || एसपीआय_मास्टर
&nbsp;&nbsp;डिपेंड्स ऑन एचडब्ल्यूमॉन || !एचडब्ल्यूमॉन
&nbsp;&nbsp;सिलेक्ट रेगमॅप
&nbsp;&nbsp;सिलेक्ट हवादाब_आयटूसी इफ आयटूसी
&nbsp;&nbsp;सिलेक्ट हवादाब_एसपीआय इफ एसपीआय_मास्टर

कॉन्फिग हवादाब_आयटूसी
&nbsp;&nbsp;ट्रायस्टेट
&nbsp;&nbsp;डिपेंड्स ऑन हवादाब
&nbsp;&nbsp;डिपेंड्स ऑन आयटूसी
&nbsp;&nbsp;सिलेक्ट रेगमॅप_आयटूसी

एसपीआयची नोंद याच धर्तीवर. आयआयओवरची डिपेंडन्सी वेगळी लिहिली नाही, कारण ती संपूर्ण यादी ‘इफ आयआयओ’च्या आतच आहे. तपासायला ‘मेक ड्रायव्हर्स/आयआयओ/प्रेशर/’ चालवलं तर पुरेल का?

चकवा

नाही पुरणार. तेवढ्याने फक्त कंपाइल होतं. आतापर्यंत बोललो त्या निम्म्या चुका लिंकला किंवा मॉडपोस्टला (मॉड्यूलांची जुळणी तपासणाऱ्या पायरीला) दिसतात. ‘मेक व्हीएमलिनक्स मॉड्यूल्स’ पर्यंत जा.

पूर्ण कर्नलची वाट पाहायची गरज नाही. ऑलनोकॉन्फिगपासून (शक्य ते सगळं बंद) सुरू करा आणि हवी ती चिन्हं छोट्या तुकडा-फाइलमध्ये लिहून केकॉन्फिग_ऑलकॉन्फिगने द्या, किंवा मर्ज_कॉन्फिग.एसएचने मिसळा. दुसऱ्या मार्गाचा फायदा असा की मागितलेली किंमत मिळाली नाही तर ती स्क्रिप्ट मागितलेली आणि मिळालेली अशा दोन्ही किमती दाखवते. आयटूसी=एम, एसपीआय=एन आणि हवादाब=वाय मागा. उत्तरात एम आला पाहिजे. वाय आला तर डिपेंडन्सीची ओळ चुकली.

आयटूसीच्या तीन किमती, एसपीआयच्या दोन, ड्रायव्हर एम किंवा वाय. दोन्ही बस बंद असलेलं आणि न जमणारं वगळलं की नऊ बिल्ड उरतात.

सह्यकडा

नऊ नाहीत. एचडब्ल्यूमॉनची ओळ धरली तर ते वाय असताना नऊ, एन असताना नऊ, आणि एम असताना ड्रायव्हर फक्त एम होऊ शकतो म्हणून पाच. एकूण तेवीस.

ध्रुवतारा

तेवीसच्या निमित्ताने मूळ प्रश्नावर येतो. एचडब्ल्यूमॉनला हात लावायलाच हवा का? तापमान आयआयओचा चॅनल म्हणून तुम्ही देताच आहात. आयआयओचे तापमान, व्होल्टेज यांसारखे चॅनल एचडब्ल्यूमॉनमध्ये दाखवणारा पूल झाडात आधीच आहे: सेन्सर्स_आयआयओ_एचडब्ल्यूमॉन. डिव्हाइस ट्रीमध्ये ‘आयआयओ-एचडब्ल्यूमॉन’ची नोंद करून ‘आयओ-चॅनल्स’मध्ये तुमच्या चॅनलकडे बोट दाखवा. ड्रायव्हरमधला एचडब्ल्यूमॉनचा सगळा सी कोड आणि ती कोड्यासारखी ओळ, दोन्ही काढता येतील.

पाणवठा

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ओळ काढली, कोड काढला. म्हणजे पुन्हा नऊ. नऊही आज चालवतो, आणि वर दोन-तीनशे रँडकॉन्फिग (यादृच्छिक मांडण्या) रात्रभर.

उंबरठा

रँडकॉन्फिगने छापलेलं केकॉन्फिग_सीड जपून ठेवा. फुटलेला बिल्ड त्याच सीडने पुन्हा तसाच बनवता येतो. आणि तुकडा-फाइलच्या पहिल्या ओळीत मॉड्यूल्स=वाय लिहा. ऑलनोकॉन्फिगमध्ये मॉड्यूल्स बंद असतात, मग सगळे एम नाहीसे होतात आणि नऊपैकी निम्म्याहून जास्त बिल्ड मॉड्यूलची जोडणी न तपासताच हिरवे दिसतात.

पाणवठा

मॉड्यूल्स=वाय आणि आयआयओ=वाय दोन्ही वर घातलं. आयटूसी=एम, एसपीआय=वाय, हवादाब=वाय हा पहिला बिल्ड आत्ता लावला आहे.